फुंकणीचा कागद

समृद्धीचा कागद मी खोटा केला तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते आणि बाहेर बाकांवर पंचवीस-तीस माणसं नंबर लावून बसली होती. खोटा म्हणजे खाडाखोड करून नव्हे. यंत्राला मी बोटही लावलं नाही. त्यानं जे वाचलं ते छापलं आणि खाली मी सही केली. कागदावर 'अ‍ॅलर्जी' असं आलं. त्या मुलीला दमा आहे हे मला ती चार वर्षांची असल्यापासून माहीत होतं.

समृद्धी माझ्या धाकट्या भावाची, धनाजीची मुलगी. मी वैजयंती, सांगलीकडच्या एका तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यात श्वास-तपासनीस. लग्न केलं नाही, म्हणजे झालं नाही, त्यामुळे जीव लावायला ही एकच पोर होती. ती मला आत्ती म्हणते. तिच्यासाठी मी काहीही केलं असतं, आणि जे केलं ते हे असलं केलं.

आधी यंत्राविषयी सांगते. त्याचं सरकारी नाव श्वासपरीक्षक. लोक त्याला फुंकणी म्हणतात. चुली जाऊन जमाना झाला, पण फुंकणी हा शब्द तेवढा राहिला. नळी तोंडात धरायची आणि पडद्यावरची रेघ सांगेल तसा दीड मिनिट हळूहळू श्वास सोडत राहायचं, मध्ये दोनदा घ्यायचा. पहिला श्वास येतो तो नाका-घशातला, शेवटचा येतो तो छातीच्या तळातला. फुंकणी हे दोन्ही वेगवेगळे साठवते. सुजलेल्या श्वासनळ्या नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू जास्त सोडतात. त्याच्या जोडीला इतर शे-दोनशे बारीकसारीक रेणू असतात. त्या सगळ्यांचा मेळ घालून यंत्र सांगतं की दुखणं वर आहे की खाली.

वर असलं तर अ‍ॅलर्जी. शरीराचा पहारेकरी जरा भित्रा असतो, साध्या परागकणाला किंवा गादीतल्या धुळीला चोर समजून आरडाओरडा करतो. शिंका येतात, नाक गळतं, डोळे चुरचुरतात. ती वस्तू लांब ठेवली की माणूस ठणठणीत. दमा खाली असतो. तिथं नळ्यांचं अस्तर आतून कायमच थोडं सुजलेलं राहतं. धूळ, धूर, गार वारा, कधी नुसतं खदखदून हसणंसुद्धा पुरतं, आणि नळ्यांभोवतीचे स्नायू आवळले जातात. आत घेतलेली हवा बाहेर पडत नाही. पूर्वी हे दोन ओळखायला डॉक्टर छाती ऐकायचे, दहा प्रश्न विचारायचे, पंप देण्याआधी आणि दिल्यावर फुंकायला लावायचे, तरी चुकायचे. कारण खोकला दोन्हीत असतो, आणि खरं सांगायचं तर पुष्कळांना दोन्ही असतं. वरच्या अ‍ॅलर्जीनंच खालचा दमा पेटतो.

पण कागदावर रकाना एकच होता. कुणी कार्यालयात बसून नमुना तयार केला आणि त्यात लिहिलं, 'निदान', पुढं एक चौकोन. डॉक्टरांनी तक्रारी केल्या, त्याचं काय झालं मला माहीत नाही. दोन वर्षांत तो कागद नोकरीला लागू लागला, शाळेच्या खेळांना लागू लागला, आणि मग आपल्याकडे जे व्हायचं ते झालं. लोक लग्न जमवताना पत्रिकेच्या आधी तो मागायला लागले. अ‍ॅलर्जी चालायची. अ‍ॅलर्जी म्हणजे काय, कुणाला वांगी चालत नाहीत तसंच. दमा चालायचा नाही, कारण दमा रक्तातून येतो आणि नातवंडांत उतरतो. आमच्याकडे त्याच्याही आधी दम्याला दमा कुणी म्हणतच नव्हतं. पोरगं रात्रभर शिट्टी वाजल्यासारखा श्वास घेई आणि आई शेजारणीला सांगे की त्याला जरा अ‍ॅलर्जी आहे. फुंकणी आली तेव्हा मला वाटलं होतं, चला, आता तरी नाव घेतील. ते राहिलं बाजूला, लोक यंत्रालाच फसवायला शिकले.

त्याची रीत सोपी होती. दम्यावर दोन पंप असतात. निळा पंप आवळलेल्या नळ्या लगेच सैल करतो, तो अडीनडीचा. दुसरा रोजचा, तो आतली सूज हळूहळू उतरवतो. रोजचा पंप तीन आठवडे नेमानं घेतला की छातीच्या तळातला श्वास स्वच्छ येतो. नाकावर त्याचा परिणाम होत नाही, त्यामुळे वरची अ‍ॅलर्जी तेवढी दिसते. कागदावर नेमकं हवं ते छापून येतं. त्या पंपानं कधी कधी घसा बसतो. माझ्यासमोर ज्या लग्नाच्या मुली नळी धरायला यायच्या, त्यांतल्या कितीतरी जणींचे आवाज घोगरे असायचे. मी मान खाली घालून सही करायची. औषधानं माणूस बरा राहतो हे सिद्ध करणारा तो पुरावा होता, आणि आम्ही सगळे मिळून तो पुसून टाकत होतो.

मला नावं ठेवण्याआधी एक ऐका. २०१३ साली माझा साखरपुडा झाला होता. पंचवीस वर्षांची होते. कार्यालयात कुणीतरी धूप जाळला, माझी छाती भरली, आणि मी पर्समधून निळा पंप काढून सगळ्यांसमोर दोन दाब घेतले. मला त्यात काही वाटलं नाही. जिलेबीची पंगत चालू होती. नवऱ्याकडची माणसं अर्ध्या ताटावरून उठली नाहीत, नीट जेवली, पान खाल्लं, आणि दुसऱ्या दिवशी निरोप पाठवला की मुलगी गुणाची आहे, पण पुढं पोराबाळांना लागलं तर काय करायचं. त्यानंतर तीन ठिकाणं आली आणि गेली. आता मी पंचावन्न वर्षांची आहे, ते सगळं विसरले असं सांगते, आणि विसरलेले नाही.

समृद्धीचं जमलं ते ढालेवाडीच्या चौगुल्यांकडे. मुलगा विश्वजीत. दोघांची ओळख आधीची होती, फवारणीच्या ड्रोनचं प्रशिक्षण एकत्र घेतलेलं. पोरगा सरळ होता, हसताना डोळे मिटायचा. चौगुल्यांची हळदीची गिरणी. शेतकऱ्यांनी शिजवून वाळवलेली हळकुंडं त्यांच्याकडे मोठ्या लोखंडी ड्रममध्ये फिरवून पॉलिश करतात. फेब्रुवारी ते एप्रिल त्या आवारात कावळासुद्धा पिवळा दिसतो. विश्वजीतचे वडील, आप्पा, बघायला आले तेव्हाच बोलले की आम्हाला पत्रिका नको, हुंडा तर नकोच, फक्त फुंकणीचा कागद द्या. हळदीच्या घरात दम्याची सून आणून तिचे हाल आम्हाला बघायचे नाहीत. बोलणं वाईट नव्हतं, म्हणून तर जास्त लागलं.

विश्वजीतची आई, रूपालीवहिनी, त्या दिवशी फारसं बोलल्या नाहीत. अंगानं बारीक, पदर नाकाशी धरायची सवय. चहा झाल्यावर मी मागच्या दारी उभी असताना त्या माझ्याजवळ आल्या. माझा पंप सगळ्या तालुक्याला माहीत आहे, तेव्हा त्यांनाही माहीत असणारच. हळूच त्यांनी विचारलं, "त्या पंपाची सवय लागती का हो?"

मला वाटलं, टोमणा मारला. मी म्हटलं, चष्म्याची लागते तेवढीच लागते. त्या आत गेल्या. मी मनात म्हटलं, ही सासू पोरीला छळणार.

धनाजी आणि त्याची बायको कांचन त्याच रात्री माझ्याकडे आले. कांचन रडत होती. धनाजी म्हणाला, ताई, तुझं जे झालं ते हिचं होऊ द्यायचं का. बाकी काही बोलायची गरजच नव्हती. मी एकच अट घातली. तीन आठवडे रोजचा पंप घ्यायचा, कागद मिळेल, पण लग्नानंतर तो सोडायचा नाही. सकाळी एक, रात्री एक, तोंड धुतानाच घ्यायचा, कुणाला कळत नाही. समृद्धीनं माझ्या गळ्यात हात टाकून शपथ घेतली. तेव्हा तिचा आवाजही जरा बसलेला होता.

लग्नात धनाजीनं माझ्या पर्सकडे बघत सांगितलं की ताई, आज तेवढं बाहेर काढू नकोस. माहीत असणं वेगळं, आत्या समोर पंप घेताना दिसली की लोक हिशोब जुळवतात. मी मान डोलावली. होमाचा धूर झाला तशी गाडीत जाऊन काचा लावून पंप घेतला, आणि मंगलाष्टकं गाडीतच ऐकली. पोरीच्या डोक्यावर अक्षता टाकायला मी नव्हते याचं मला अजून वाईट वाटतं.

दिवाळीला ती माहेरी आली, अंगानं भरलेली, तोंडावर तेज. मी तिला बाजूला घेऊन पंप दाखव म्हटलं. तिनं पिशवीच्या तळातून काढून दिला. हल्लीच्या पंपांवर किती दाब उरले याचा आकडा दिसतो. लग्नाच्या दिवशी जो आकडा होता त्यापेक्षा फक्त सहा कमी होते. पाच महिन्यांत सहा.

ती म्हणाली, तिकडं खोलीत कपाट एकच आहे, मोरीत सतत कुणी ना कुणी असतं. आणि मग जे म्हणाली त्यानं मी गारच झाले.

"खरं सांगू का आत्ती, मला आता लागतच न्हाई. शिंका आल्या की गोळी घेते. कागदावर बी अ‍ॅलर्जीच हाय की."

तो कागद कसा झाला हे तिला माहीत होतं. तिच्या समोर झाला होता. तरीही छापील अक्षर रोज बघून बघून पोरीनं स्वतःच त्याच्यावर विश्वास ठेवला होता. मी रागावले, समजावलं, सूज दिसत नाही म्हणून नसते असं नाही हे शंभर वेळा सांगितलं. तिनं हो हो केलं. त्याच दिवशी विश्वजीतला बाजूला घेऊन खरं सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. माझी नोकरी तीन वर्षं राहिली होती, आणि पोरगी सुखात दिसत होती. ही दोन कारणं मी स्वतःला आलटून पालटून देत होते.

मार्चच्या नऊ तारखेला, दुपारी दोनच्या सुमाराला, फोन वाजला. माझ्यासमोर एक म्हातारे गृहस्थ नळी धरून बसले होते. विश्वजीतचा चेहरा पडद्यावर आला.

पॉलिशच्या शेडमधला धूळ ओढणारा पंखा सकाळी बंद पडला होता. दुरुस्तीचा माणूस यायचा होता, पण ड्रम थांबवले नव्हते. समृद्धी कामगारांचा चहा घेऊन तिथं गेली आणि दहा मिनिटांत धापा टाकत परत आली. विश्वजीत म्हणाला, तिला अ‍ॅलर्जीची गोळी दिली, दोन दिल्या, रुग्णवाहिका बोलावली आहे, पण रस्त्यावर उसाच्या गाड्या आहेत, अठरा मिनिटं दाखवतंय.

मी तिला दाखव म्हटलं. त्यांनी तिला खाटेवर आडवं केलं होतं. वेणीवर, भुवयांवर पिवळी धूळ. गळ्याच्या तळाशी प्रत्येक श्वासाला खड्डा पडत होता. ओठांचा रंग मला आवडला नाही. ती मला बघून बोलायला गेली आणि एका दमात एकच शब्द आला.

"आत्ती."

मी म्हटलं, आधी तिला उठवून बसवा, पुढं झुकवा, कोपर गुडघ्यांवर टेकू द्या. त्यांनी बसवलं. मी विचारलं, तिचा पंप कुठं आहे. विश्वजीत गोंधळला. पंप कशाला, तिला अ‍ॅलर्जी आहे की. समृद्धीनं मान हलवली, नाही अशी. तिनं तो टाकून दिला होता हे मला त्या मान हलवण्यातून कळलं.

आता मला एक गोष्ट अगदी लख्ख दिसत होती, कारण ती माझ्याच कामाची होती. रुग्णवाहिकेला रोग्याच्या नावाबरोबर फुंकणीची नोंद आपोआप जाते. आतली औषधपेटी त्या नोंदीप्रमाणे उघडते. मागं औषधांचा गैरवापर फार झाला म्हणून ही व्यवस्था केलेली. नोंद अ‍ॅलर्जीची असेल तर अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन आणि प्राणवायू मिळतो. नळ्या सैल करणाऱ्या वाफेचा कप्पा उघडायचा तर वरून डॉक्टरची परवानगी यावी लागते, आणि त्यात पाच-सात मिनिटं जातात. तिच्याकडे तेवढी नव्हती. म्हणजे अठरा मिनिटांनी गाडी दारात उभी राहणार आणि माझ्या सहीनं कुलूप लावलेली पेटी घेऊन येणार.

बाहेरचं दार उघडं होतं. बाकांवरची माणसं उठून दाराशी आली होती. फोनच्या पलीकडे विश्वजीतच्या मागे आप्पा उभे होते, त्यांच्या शेजारी रूपालीवहिनी. तीस वर्षांची नोकरी, पोरीचं घर, धनाजीची मान, सगळं एका वाक्याच्या पलीकडे होतं, आणि त्या वाक्याच्या अलीकडे ती श्वास घेत होती.

"विश्वजीत, तिला दमा आहे. लहानपणापासून आहे. तो कागद खोटा आहे आणि तो मी केलाय," मी म्हटलं. "निळा पंप शोध. शेजारी, कामगारांत, कुणाकडेही असेल तो. आत्ता."

आप्पांनी विश्वजीतकडे पाहिलं, विश्वजीतनं समृद्धीकडे. मग तो फोन खिडकीत टेकवून पळत बाहेर गेला. गिरणीत साठ माणसं कामाला, पण दम्याच्या माणसाला तिथं कामच मिळत नव्हतं. तिथं पंप कुणाकडे असणार. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा तो अंगण ओलांडून गेला होता.

मी पडद्यावर पाहिलं तर रूपालीवहिनी दिसत नव्हत्या. सून गुदमरते आहे आणि ही बाई आत निघून गेली, असं माझ्या मनात आलं. आयुष्यात मी कुणाचा एवढा राग केला नसेल.

तोवर मी दुसऱ्या हातानं संगणकावर समृद्धीची नोंद उघडली. दुरुस्तीचं कारण विचारणारी चौकट आली. यंत्रदोष, की तपासनीसाची चूक. यंत्रदोष निवडला तर अभियंता तपासणार, मग नोंद बदलणार, आणि माझ्यावर काही येणार नाही. तपासनीसाची चूक निवडली तर नोंद त्या क्षणी बदलते आणि एक प्रत जिल्ह्याला जाते. मी विचार केला असं म्हणणार नाही. दुसऱ्यावर बोट दाबून झालं होतं. नोंदीत 'दमा, तीव्र झटका' असं लिहिलं आणि फोनकडे वळले.

रूपालीवहिनी परत आल्या होत्या. त्यांच्या हातात सॅनिटरी पॅडचं फुगलेलं पाकीट होतं. त्यांनी ते फाडलं आणि आतून निळा पंप काढला.

त्यांना मला काही सांगावं लागलं नाही. त्यांनी झाकण काढलं, पंप खळखळ हलवला, एक दाब हवेत उडवला. टेबलावरची पाण्याची प्लास्टिकची बाटली उचलून ओतली, विळीवर तिचा तळ कापला, पदरानं कड पुसली, आणि पंप त्या भोकात बसवून बाटलीचं तोंड सुनेच्या ओठांत धरलं. ज्या हातांनी हे केलं त्यांना त्याची वर्षानुवर्षांची सवय होती. आप्पा खुर्चीचा हात धरून उभे होते आणि बायकोकडे बघत होते.

मी म्हटलं, एक दाब, सावकाश चार-पाच श्वास, मग दुसरा. वहिनी पडद्याकडे न बघता मान हलवत होत्या. समृद्धीचे डोळे त्यांच्यावर खिळले होते. वहिनी तिला म्हणत होत्या, "घे, हळू. मी हाय. आत ठेव. आता सोड. घाबरू नगंस, जातंय ते, मला म्हाईत हाय."

सहाव्या दाबानंतर खड्डा थोडा कमी पडू लागला. आठव्यानंतर ती दोन शब्द बोलली. विश्वजीत रिकाम्या हातांनी परत आला आणि दारातच उभा राहिला. आईच्या हातातला पंप त्यानं पाहिला, फाडलेलं पाकीट पाहिलं, आणि खाली बसला. बावीस मिनिटांनी गाडी आली. पेटीचा कप्पा उघडला. मी फोन ठेवला तेव्हा माझ्यासमोरचे म्हातारे गृहस्थ अजून नळी हातात धरून बसले होते. त्यांनीच मला पाणी दिलं.

समृद्धी चार दिवस दवाखान्यात होती. तिसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा रूपालीवहिनी उशाशी होत्या. त्यांनी सगळं सांगितलं, मान खाली घालून, मोसंबी सोलत. लग्न होऊन आल्या त्या पहिल्याच हंगामात छाती भरली. माहेरून भावानं पंप आणून दिला. त्या घरात पुरुष कधी हात लावणार नाहीत अशी एकच जागा होती, ते पाकीट. पाळी जाऊन पाच वर्षं झाली तरी त्या महिन्याला पाकीट मागवत होत्या. दर मार्चला आईच्या आजारपणाचं निमित्त काढून माहेरी राहत होत्या, आई गेल्यावर भावाच्या मुलांचं. यंदा नवी सून घरात म्हणून जाता आलं नाही, तेव्हापासून वरच्या मजल्यावर दारं लावून बसत होत्या. गिरणीत त्या कधी पाऊल टाकत नव्हत्या म्हणून त्यांना कधी कागद लागला नाही. सत्तावीस वर्षं त्यांनी दमा नवऱ्यापासून लपवला होता, आणि नवऱ्यानं घरात दमा यायला नको म्हणून सुनेचा कागद मागितला होता.

मी त्यांना विचारलं, मागच्या दारी मला ते विचारलंत ते टोमणा म्हणून नव्हतं ना. त्या म्हणाल्या, तुम्ही पंप उघड घेता, तुमच्याशी बोलावंसं वाटलं होतं. मला त्या क्षणी स्वतःची लाज वाटली.

माझ्यावर चौकशी बसली. समितीनं विचारलं, असे किती. मी सांगितलं, ठरवून केलेला एक, आणि घसा बसलेला ऐकूनही गप्प राहून सही केलेले किती ते मला मोजता येत नाही. ते सगळ्या मुलींना परत बोलावणार आहेत, असं ऐकते. निलंबनाचा कागद आला. धनाजी महिनाभर माझ्याशी बोलला नाही, मग एके दिवशी येऊन बसला आणि चहा पिऊन गेला. आप्पांनी त्या हंगामाचे उरलेले दिवस ड्रम बंद ठेवले. ते चांगल्या मनानं की लोकलाजेनं, हे मी विचारलं नाही.

जूनमध्ये समृद्धीच्या नोंदीची फेरतपासणी होती. मी सोबत गेले. माझ्या जुन्या खोलीत, माझ्या खुर्चीवर एक नवी मुलगी बसली होती, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा बाहेरच्या बाकावर बसले. समृद्धीचं झालं, कागद मिळाला, तिनं तो घडी न घालता पिशवीत ठेवला. मग रूपालीवहिनी उठल्या. मला त्यांनी आधी सांगितलंच नव्हतं. विश्वजीतनं त्यांचा हात धरून त्यांना दारापर्यंत सोडलं. आप्पा रस्त्यावर गाडीजवळ उभे होते, आत आले नव्हते.

दार उघडं असल्यामुळे सगळं दिसत होतं. वहिनींनी नळी धरली. दीड मिनिट त्या रेघेकडे एकटक बघत फुंकत राहिल्या, कपाळावर घाम आला. नव्या मुलीनं पडदा पाहिला, जरा थांबली, बाहेर गाडीजवळच्या आप्पांकडे तिची नजर गेली. मुलगी मनाची चांगली होती. आवाज खाली आणून ती म्हणाली की काकू, तुम्हाला वर पण आहे आणि खाली पण आहे, रकाना मात्र एकच आहे. आणि मग आणखी हळू विचारलं, "अ‍ॅलर्जी लिहू का?"

रूपालीवहिनींनी नाकावरचा पदर खाली घेतला. बोलल्या त्या बाहेर आप्पांपर्यंत पोचेल इतक्या मोठ्यानं.

"दमा लिवा."

माझ्या शेजारी बाकावर एक मुलगी आईबरोबर नंबराची वाट बघत बसली होती. मेंदी अजून काढायची होती, हातात नव्या बांगड्या. मघाशी तिनं मला वेळ विचारली तेव्हा तिचा आवाज बसलेला होता. तिनं वहिनींकडे पाहिलं, मग आईकडे, आणि पर्सची चेन उघडली.